थंडीत जुनी बाईक बंद पडतेय? रेसचा स्क्रू पिळण्याआधी हे बघा

थंडी पडली की पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. किक मारली की गाडी चालू होते, पण ॲक्सिलेटर सोडला की भकभक करून बंद. ही माहिती कार्बोरेटरवाल्या जुन्या स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना अशा गाड्यांसाठी आहे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आले, त्यांचा विषय वेगळा.

गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. थेंब आतल्या गार भिंतीलाच चिकटून राहतात आणि सिलेंडरला पेट्रोल कमी, हवा जास्त मिळते. चोक त्यासाठीच दिलेला असतो. पहिली एक-दोन मिनिटे चोक लागला आणि मग गाडी सरळ झाली, तर बिघाड काही नाही. इंजिन चांगले तापल्यावरही चोक काढला की गाडी मरते, तेव्हा कारण शोधायचे.

इथे बरेच जण रेसचा स्क्रू पिळून मोकळे होतात. सकाळ निभावते, पण दुपारी तापलेली गाडी उभ्या जागी नुसती ओरडते आणि पेट्रोल पिते. दुखणे तसेच राहते.

चोक लावल्यावर गाडी सुधारत असेल, तर पेट्रोल कमी पडतेय. पहिला संशय स्लो जेटवर. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असते. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून चिकट थर राहतो आणि भोक बुजते. जेट काढून कार्बोरेटर क्लीनर मारा, पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंका. त्यात तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठे झाले की जेट वाया गेला. जेट साफ करूनही फरक नाही, तर कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला जोड बघा. गाडी चालू ठेवून तिथे थोडे साबणाचे पाणी टाका. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय, ओ-रिंग बदला. ही तपासणी पेट्रोल टाकून करू नका, आग लागते.

उलट चोक लावल्यावर जास्त बिघडते, धूर काळा येतो, प्लग काजळीने भरतो, तर पेट्रोल जास्त जातेय. एअर फिल्टर धुळीने भरलाय का आणि चोकची पट्टी पूर्ण उघडते का, ते आधी बघा.

पेट्रोलमध्ये पाणी आहे का, हेही तपासा. आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. कॉक बंद करून वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करा, पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाला वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागेल. हे काम इंजिन गार असताना करा, जवळ बिडी-काडी नको.

एअर स्क्रूला हात लावायचाच असेल, तर आधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे होते ते मोजून ठेवा. फरक पडला नाही, तर तितकेच फेरे मागे आणता येतात. एवढे करूनही गाडी थांबत नसेल, तर टॅपेट तपासून घ्या. टॅपेटचे मापही गार इंजिनावरच घेतात. यातले काही न बघता कोणी थेट नवा कार्बोरेटर टाकायला सांगत असेल, तर स्लो जेट काढून दाखवा म्हणा.

आणि थंडी आहे म्हणून गाडी घरात किंवा बंद पडवीत चालू ठेवून तापवू नका. चोकवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड जास्त असतो. त्याला वास नसतो आणि बंद जागेत तो माणसाचा जीव घेतो. गाडी अंगणात काढा, मगच किक मारा.