कणखरपणाचें माप

मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकास, जेथें घाटमाथा एकाएकीं तुटून कोंकणांत उतरतो, तेथें तैल-बैला या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या दोन कातळभिंती शेजारींशेजारीं उभ्या आहेत. गेल्या हिवाळ्यांत कांहीं विद्यार्थ्यांसह आम्ही त्यांच्या पायथ्याशीं बसलों होतों. वर तीन-चार तरुण दोराच्या आधारानें चढत होते. खालच्या मंडळींत वाद निघाला. एक विद्यार्थी पौड खोऱ्यांतला, घराण्यांत तीन पिढ्यांची तालीम. त्याचें म्हणणें, पहिलवानाइतका कणखर गडी दुसरा नाहीं. दुसरा पुण्याचा, गिर्यारोहणाचा नाद असलेला. त्याचें म्हणणें, ज्याची एक चूक प्राणावर बेतते तोच खरा कणखर. निवाड्याचें काम आमच्याकडे आलें. तो त्या दिवशीं देतां आला नाहीं. घरीं येऊन कांहीं जुनीं पानें व नवे आंकडे चाळले, तेव्हां वादाची मांडणीच चुकली होती असें वाटूं लागलें.

पहिलवानाची बाजू दुबळी नाहीं. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेल्या तांबड्या मातींत तो लहानपणापासून रोज पडतो. पडणें हा त्याच्या विद्येचा भागच आहे. मार खाऊन सुजलेले व कायमचे घट्ट झालेले कान, निखळून पुन्हां बसविलेला खांदा, चिघळलेला गुडघा, हा त्याचा जमाखर्च अंगावरच लिहिलेला असतो. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत मातीऐवजीं गादीवर लढावें लागलेले खाशाबा जाधव सहावे आले, आणि चार वर्षांनीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. दुखापत येथें वारंवार होते, पण ती बहुधा दुसऱ्या दिवशीं मोजतां येते.

कातळावर चढणाऱ्याचें तसें नाहीं. आपला सह्याद्रि लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाला आहे. एक थर घट्ट, तर त्यावरचा भुसभुशीत. हातास आलेला खडक हातांतच राहण्याचा संभव नेहमींचा. दोर व खिळे नीट असतील तर वर्षानुवर्षें साधें खरचटण्यापलीकडे कांहीं होत नाहीं. मग एखाद्या दिवशीं सर्व हिशेब एकदम चुकता होतो.

या दोघांची तुलना करावी कशी? परदेशांत असले हिशेब ठेवले गेले आहेत. नॉर्वेतील क्येराग या प्रचंड कड्यावरून पॅराशूट बांधून उड्या घेणाऱ्यांची मोजणी १९९५ ते २००५ या अकरा वर्षांची आहे: २०,८५० उड्या, ९ मृत्यु. म्हणजे सुमारे २,३०० उड्यांस एक. एव्हरेस्टवर १९२१ ते २००६ या काळांत तळछावणीच्या वर गेलेल्यांपैकीं, शेर्पा धरून, शेंकडा १.३ दगावले. वरवर पाहतां एव्हरेस्ट कितीतरी भयंकर. परंतु एका हिशेबांत भाजक उडी आहे, दुसऱ्यांत माणूस. उडी कांहीं क्षणांची, स्वारी कित्येक आठवड्यांची. शेर आणि गज एकाच तराजूंत घालण्यासारखेंच हें. शिवाय या आंकड्यांत कणखरपणा कोठेंच नाहीं. त्यांत जागा आहे, हवा आहे, साधनें आहेत, दैव आहे. मनाचा निश्चय कोणत्या रकान्यांत भरावा?

असें असूनही आपण दुखापतीलाच कणखरपणाचें माप समजतों. आमच्या मतें ही खोड जुनी आहे, आणि तिचा उत्तम दाखला सिंहगडाचा आहे. तो गड मुळशींत नसला तरी त्यावर चढलेले मावळे याच खोऱ्यांच्या परिसरांतले. १६७० च्या फेब्रुवारींतल्या त्या रात्रीचें वर्णन कृष्णाजी अनंत सभासदानें, सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिलेल्या बखरींत, मोठें सरळ केलें आहे. त्यांत घोरपड नाहीं. ती नंतर पोवाड्यांतून आली. सभासद सांगतो तें इतकेंच, कीं निवडक दोन मावळे रात्रीं वानरांसारखे कडा चढून गेले, त्यांनीं वरून माळ लावली, आणि मग तानाजीसह तीनशें माणूस वर आलें. तानाजी पडले ते कड्यावर नव्हे, गडावरील हातघाईंत. त्यांचें नांव अमर झालें, तें योग्यच. पण काळोखांत, दोराशिवाय, आधीं गेलेल्या त्या दोघांचीं नांवें बखरकारानेंही दिलीं नाहींत. ते पडले असते तर कदाचित् दिलीं असतीं!

(मुळशीकरांनीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या मागें उभें राहून धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तोही कणखरपणाच, पण त्याचें माप निराळें, म्हणून येथें त्याचा विचार केला नाहीं.)

ताम्हिणीच्या दऱ्यांत पावसाळ्यांत जे बळकट तरुण कुंडांत उड्या घेतात, त्यांच्या मनांतही हेंच माप असतें. भीति वाटली कीं आपण हलके ठरलों, असा त्यांचा समज. अनुभवी मंडळींची भीति मात्र कधींच जात नाहीं, आणि ती चढापेक्षां उताराची अधिक असते. एव्हरेस्टवर ८,००० मीटरांच्या वर जाऊन मृत्यु पावलेल्या ९४ जणांपैकीं ५३ जण शिखरावरून उतरतांना गेले. चढतांना गेले ते फार थोडे. आपल्याकडेही जानेवारी २०२० मध्यें हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर दोरानें उतरण्याच्या मोहिमेंत अरुण सावंत यांच्यासारखा, सह्याद्रींत आयुष्य घालविलेला जाणता गिर्यारोहक गेला. त्यांच्या कणखरपणांत उणें काय होतें? कांहींच नाहीं. म्हणूनच ती बातमी वाचून आम्ही बराच वेळ सुन्न बसलों होतों.

तैल-बैल्यावरचे तरुण त्या दिवशीं ऊन कलल्यावर उतरले. प्रत्येकाची गांठ दुसरा तपासून पाहत होता, आणि तालमीचा आमचा विद्यार्थी, वाद विसरून, तें मान वर करून पाहत उभा होता. परततांना त्यानें विचारलें, सिंहगडावरचे ते दोघे पुढें उतरले कोणत्या वाटेनें? बखरींत तें नाहीं.