थकलेली मजुरी आणि दाव्याची मुदत

बोरघाटांतून आगगाडीनें जाणारा प्रवासी बोगदे मोजतो. ते खोदणाऱ्यांच्या थकलेल्या मजुरीची आठवण सहसा कोणास होत नाहीं. ह्या घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. मक्तेदार फॅव्हिएल नांवाचा इंग्रज, त्याच्या हाताखालीं पोटमक्तेदार, त्यांच्या खालीं मुकादम, आणि सर्वांत शेवटीं मजूर. वरून निघालेला पैसा वाटेंतच अडे. अखेर जानेवारी १८५९ मध्यें मजुरांचा धीर सुटला आणि ते गोऱ्या देखरेख्यांवर तुटून पडले. सरकारास चौकशी करावी लागली, आणि १८६० चा नववा कायदा झाला. रेल्वे, कालवे इत्यादि सार्वजनिक कामांवरील मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटानें झटपट तोडावा, अशी त्यांत सोय होती. काम सोडून जाणाऱ्या मजुरास शिक्षाहि त्याच कायद्यानें ठेविली, हें मात्र विसरतां येत नाहीं.

पुढें मुदतीच्या कायद्यानें अशा दाव्यास अवघे सहा महिने दिले. इतर मजूर, कारागीर व घरगडी यांस दिवाणी कोर्टांत एक वर्ष मिळे. तेंहि नोकरी सुटल्यापासून नव्हे, तर मजुरी देणें झाल्या दिवसापासून मोजावयाचें. येथेंच पुष्कळांचा घात झाला. धनी म्हणे, "दिवाळीस हिशेब करूं." मजूर पेरणीस गांवीं जाई. तो परत येऊन वकील गांठीपर्यंत जुन्या महिन्यांची मजुरी एकेक करून मुदतीबाहेर गेलेली असे. तोंडच्या वायद्यानें मुदत वाढत नाहीं. ती सरण्यापूर्वीं धन्यानें सहीनिशीं देणें कबूल केलें, तरच नव्यानें सुरू होते. पण सही मागण्याचें धैर्य कितीजणांस असणार?

व्हिटली कमिशनच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३६ सालीं पगार देण्याचा कायदा झाला. हजारांहून कमी माणसें असलेल्या कारखान्यानें सातव्या, मोठ्यानें दहाव्या दिवसाच्या आंत पगार चुकता करावा, असें ठरलें. अनेक कामगारांस मिळून एकच अर्ज करण्याची मुभा मिळाली, ही मोठीच सोय. मुदत मात्र पुन्हां सहा महिन्यांचीच! उशीराचें पुरेसें कारण दाखविल्यास अधिकाऱ्यानें अर्ज घ्यावा, एवढी सवलत होती. अपिलास तीस दिवस. १९६४ सालीं अर्जाची मुदत बारा महिने झाली. २०१९ च्या वेतनसंहितेनें ती तीन वर्षांची केली, आणि अपिलाचे तीस दिवस नव्वदांवर नेले.