कुलुपामागचें कुलूप

कुलूप फोडलें कीं चोराचें काम झालें, असा आपला समज. पण कुलूप फोडल्यानंतरच चोराची खरी कसोटी लागावी, अशी योजना एका मुलांच्या खेळांत केली गेली होती. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन यंत्रांत तबकडी घालून खेळ खेळत. नकली तबकडी यंत्र स्वीकारीत नसे. पण आंत एक लहानशी चिप बसविली कीं तें मुकाट्यानें स्वीकारूं लागे. म्हणून अशी चिप हुडकणाऱ्या आज्ञा खेळांतच घालण्याची रीत पडली. मग त्या आज्ञाच छाटून टाकणारे निपजले! अमेरिकेंतील इन्सोम्नियॅक गेम्स या संस्थेनें स्पायरो नांवाच्या ड्रॅगनचा दुसरा खेळ १९९९ सालीं काढला. त्याचें संरक्षण जेमतेम आठवडाभर टिकलें.

२००० सालच्या तिसऱ्या खेळांत गॅव्हिन डॉड यांनीं निराळी वाट धरली. आज्ञावली म्हणजे अखेर अंकांची रांग. तिच्या तुकड्यांची बेरीज आधींच मांडून ठेवावयाची आणि खेळ चालू असतां पुन्हा ताडून पहावयाची. एक आज्ञा बदलली तरी बेरीज चुकते. तपासासाठीं डिबगरनें मध्येंच थांबा घातला, तर तोही बहुधा मूळ आज्ञेच्या जागीं दुसरी लिहूनच घातलेला असतो. तेव्हां तोहि हिशेबांत उघडा पडतो.

बेरीज चुकल्यावर खेळ तत्काळ बंद पडता, तर चांच्यांना दोष सांपडला असता. तसें होत नसे. एक परी येऊन प्रत बनावट असल्याचें बजावी. पुढें केव्हां तरी जमविलेलीं अंडीं नाहींशीं होत. आणि अखेरच्या लढाईंत खेळाडू पुन्हा आरंभीं जाऊन पडे. आपलें काम पुरें झालें कीं नाहीं, हें कळण्यास चांच्याला सारा खेळ खेळून पहावा लागे. बाजारांतून अजाणतां नकली तबकडी आणणाऱ्या पोराच्या दृष्टीनें ही युक्ति अंमळ क्रूरच म्हणावी लागेल!

कुलूप अभेद्य आहे, असा डॉड यांचा दावा नव्हता. यंत्राला जें वाचतां येतें, तें चिकाटीच्या माणसालाहि वाचतां येतें. पण खेळांच्या विक्रीचा मोठा भाग पहिल्या एकदोन महिन्यांतच होतो, आणि त्यांना हवे होते ते तेवढेच दिवस. खेळ पुरता फोडण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. पुढें २००१ सालीं डॉड यांनीं स्वतःच ही सारी युक्ति व्यवसायबंधूंसाठीं लिहून प्रसिद्ध केली.