सकाळी साडेसहाची मुदत

(सगळ्या वेळा भारतीय. मोझिलाच्या टीमचं घड्याळ पॅसिफिक वेळेवर, म्हणजे साडेबारा तास मागे.)

ऑगस्ट २०१६

मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरची ४८वी आवृत्ती येते. इथून पुढे नेहमीच्या फायरफॉक्समध्ये मोझिलाची सही नसलेलं अ‍ॅड-ऑन चालणार नाही, आणि हा नियम बंद करायचं बटणही असणार नाही. कारण रास्त होतं. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून घरात शिरणारी, होमपेज आणि सर्च बदलून टाकणारी अ‍ॅड-ऑन्स फार झाली होती.

सहीची उतरंड तीन पायऱ्यांची. तळाशी प्रत्येक अ‍ॅड-ऑनचं आपलं सर्टिफिकेट. त्यावर एक मधलं सर्टिफिकेट, ज्याने रोजच्या सह्या होतात. सर्वांत वर मूळ सर्टिफिकेट. ते नेटवर्कपासून तोडलेल्या एका हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूलमध्ये, सुरक्षित जागी. काही वर्षांतून एकदा, नवं मधलं सर्टिफिकेट करायचं असलं की ते बाहेर निघतं.

प्रत्येक सर्टिफिकेटवर मुदत लिहिलेली असते. मधल्यावर लिहिलेली तारीख: ४ मे २०१९.

पडताळणीची यंत्रणा स्वतःच चुकली तर काय होतं, याचं उदाहरण तेव्हा नऊ वर्षांचं झालं होतं. २४ ऑगस्ट २००७ रोजी मायक्रोसॉफ्टचा विंडोजचे परवाने तपासणारा सर्व्हर चाचणीतल्या कोडमुळे बिघडला आणि पैसे मोजून घेतलेल्या विंडोजला नकली म्हणू लागला. कोड अर्ध्या तासात मागे घेतला गेला. त्याने अ‍ॅक्टिव्हेशन सुधारलं, पडताळणी सुधारली नाही. दोन्ही सुधारलं असं टीमने धरून चाललं, कारण तसं आहे की नाही हे दाखवणारी देखरेखच नव्हती. दुसऱ्या दिवसापर्यंत विंडोज व्हिस्टावाल्यांच्या पडद्यावरून एरोची काचेची झाक गायब होत राहिली. कंपनीच्या आकड्यानुसार असे कॉम्प्युटर १२,००० पेक्षा कमी.

मुदतीआधीचे महिने

मुदत संपतेय हे मोझिलात माहीत नव्हतं, असं नाही. सह्या करणारी यंत्रणा सांभाळणाऱ्या टीमला तारीख ठाऊक होती. पण फायरफॉक्स मुदतीकडे बघत नाही, अशी त्यांची समजूत होती.

समजूत अगदीच निराधार नव्हती. आधीच्या एका प्रसंगानंतर तळाच्या सर्टिफिकेटची मुदत तपासणं बंद केलेलं होतं. मधल्याची तपासणी मात्र चालू होती. 'मुदत तपासत नाही' एवढंच लक्षात राहिलं, कुठल्या पायरीची ते राहिलं नाही.

हे चाचणीत सापडायला हवं होतं. पण कॉम्प्युटरची तारीख पुढे ढकलली तर ब्राउझर कसा वागेल, ही चाचणी यादीतच नव्हती.

शुक्रवार, ३ मे २०१९. सकाळी ६:३०

२४ तास बाकी.

फायरफॉक्स आपल्या अ‍ॅड-ऑन्सच्या सह्या साधारण दर २४ तासांनी पुन्हा तपासतो. प्रत्येक कॉम्प्युटरची वेळ वेगळी. म्हणजे आता इथून पुढे होणारी प्रत्येक तपासणी त्या कॉम्प्युटरवरची शेवटची यशस्वी तपासणी आहे.

आठच्या सुमारास ओडिशात पुरीजवळ फनी चक्रीवादळ किनाऱ्यावर येतं. ते येणार हे हवामान खात्याने आधीच सांगितलेलं होतं आणि दहा लाखांहून जास्त लोक हलवले गेले होते. सर्टिफिकेटच्या बाबतीत तर अंदाजाचीही गरज नव्हती. वेळ सेकंदापर्यंत छापलेली होती.

शनिवार, ४ मे. सकाळी ६:००

अर्धा तास बाकी. पॅसिफिक किनाऱ्यावर शुक्रवारचे संध्याकाळचे साडेपाच. आठवडा संपत आलेला.

सकाळी ६:३०

साडेसहा नुकतेच उलटतात आणि मुदत संपते. कुठे घंटा वाजत नाही. ज्यांची तपासणी रात्री होऊन गेली त्यांचं सगळं चालू आहे. ज्यांची नेमकी आता आली, त्यांच्या ब्राउझरमध्ये वर एक पट्टी उमटते: अमुक अ‍ॅड-ऑनची पडताळणी होऊ शकली नाही, ते बंद केलं आहे. जाहिराती अडवणारं बंद. पासवर्ड सांभाळणारं बंद. यादीतलं जवळजवळ सगळंच बंद.

मोझिलाला याच सुमारास कळतं. तपासण्या दिवसभर सारख्या विखुरल्या आहेत असं धरलं, तर चालू असलेल्या कॉम्प्युटरपैकी चोविसावा हिस्सा दर तासाला या पट्टीपाशी पोहोचणार आहे.

पहिले दोन निर्णय

एक: नव्या अ‍ॅड-ऑन्सवर सह्या करणं थांबवायचं. मेलेल्या सर्टिफिकेटने सही करण्यात अर्थ नाही.

दोन: ज्यांची फेरतपासणी अजून झालेली नाही त्यांच्याकडे ती लांबवणारा एक तातडीचा बदल पाठवायचा. यामुळे बंद पडलेलं सुरू होत नाही. फक्त रांग पुढे सरकायची थांबते, तीही बदल पोहोचला तर.

पहिला निर्णय काही तासांनी आडवा येणार आहे.

सकाळ, घराघरांतून

लोक आपापले उपाय करतात. कुणी कॉम्प्युटरचं घड्याळ एक दिवस मागे नेतं. त्याने चालतं. कुणी बंद पडलेलं अ‍ॅड-ऑन काढून पुन्हा टाकायला जातं. ते पुन्हा बसत नाही, आणि काढताना त्यात साठवलेली माहितीही जाते. काढू नका, पुन्हा टाकू नका, असं मोझिला सांगते, पण ते वाचण्याआधीच अनेकांनी क्लिक केलेलं असतं. वेगवेगळी खाती वेगळ्या कप्प्यांत ठेवणाऱ्या मल्टी-अकाउंट कंटेनर्सचं तर असं झालं की नुसतं बंद पडल्यानेच कप्पे पुसले गेले.

टॉर ब्राउझर फायरफॉक्सवरच उभा आहे. त्यातलं नोस्क्रिप्टही बंद पडलं. आपली ओळख लपवणं ही ज्यांची गरज आहे, त्यांच्यासमोर आता वेबसाइटवरची स्क्रिप्ट अडवणारा तो राखणदार नाही. टॉरने तात्पुरता सुचवलेला उपाय असा: सही तपासणारं सेटिंगच बंद करा.

दुरुस्तीचा रस्ता

सरळ मार्ग म्हणजे सगळ्या अ‍ॅड-ऑन्सवर नव्याने सही करायची. ती १५,००० च्या वर. यंत्रणा एवढा गठ्ठा एकदम हाताळायला बनवलेली नव्हती. शिवाय नव्या सहीची प्रत प्रत्येक घरात पोहोचायला हवी.

म्हणून टीमने दुसरा मार्ग धरला. जुन्याच नावाचं, जुन्याच किल्लीचं, फक्त मुदत वाढवलेलं नवं मधलं सर्टिफिकेट करायचं आणि ते फायरफॉक्सच्या पोटात बसवायचं. अ‍ॅड-ऑनमध्ये जुनं सर्टिफिकेट तसंच राहील, पण तपासताना फायरफॉक्सला दोन्ही दिसतील आणि तो चालणारं निवडेल. कल्पना देखणी आहे. तिला एकच गोष्ट लागते, मूळ सर्टिफिकेट.

ते सुरक्षित जागी बंद. एक इंजिनिअर गाडी घेऊन तिकडे निघतो.

नवं सर्टिफिकेट पहिल्या फटक्यात जमत नाही. काहीतरी किंचित चुकतं, आणि चुकलंय हे कळायला दर वेळी तास-दोन तासांची चाचणी. ते बसवणारं छोटं अ‍ॅड-ऑन दरम्यान लिहून होतं. तेही अ‍ॅड-ऑनच, त्यामुळे चाचणीसाठी त्यालाही सही हवी. सह्या बंद आहेत. त्यांनीच सकाळी बंद केल्या होत्या. आडवाट काढावी लागते.

दुपारी ३:१४

दुरुस्ती बाहेर पडते. पॅसिफिक वेळेनुसार पहाटेचे २:४४. कळल्यापासून नऊ तासांच्या आत.

बाहेर पडणं आणि पोहोचणं यांत अंतर आहे. दुरुस्ती 'स्टडीज' नावाच्या वाटेने जाते. ही वाट मुळात वापरकर्त्यांवर छोटे प्रयोग करण्यासाठी केलेली, पण त्या दिवशी सर्वांत वेगवान तीच होती. फायरफॉक्स तिच्याकडे दर ६ तासांनी बघतो. कॉम्प्युटर बंद असेल तर बघतच नाही. बहुतेकांपर्यंत पोहोचायला आणखी ६ ते १२ तास जातात.

काहींपर्यंत ती पोहोचतच नाही. अँड्रॉइडवर स्टडीज नाही. आणि ज्यांनी आपली माहिती मोझिलाकडे जाऊ नये म्हणून स्टडीजचं सेटिंग मुद्दाम बंद केलं होतं, त्यांच्याकडेही नाही. माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत अवघड निवड यांच्या वाट्याला आली: जाहिराती आणि पाळत अडवणारं अ‍ॅड-ऑन परत हवं असेल तर आधी मोझिलाला माहिती पाठवायची परवानगी द्या, नाहीतर थांबा. बऱ्याच जणांनी परवानगी दिली.

रविवार, ५ मे. सकाळी ६:३०

२४ तास पूर्ण. तातडीचा बदल वा दुरुस्ती न मिळालेल्या आणि सतत चालू असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एव्हाना ती पट्टी येऊन गेली आहे.

याच तारखेला ६६.०.४ ही आवृत्ती येते, अँड्रॉइडसाठीही. जुन्या आवृत्त्यांवर अडलेल्यांसाठी वेगळ्या दुरुस्त्या नंतरच्या दिवसांत. टॉर ८.०.९ काढतं.

त्यानंतर

ज्यांनी नाइलाजाने परवानगी दिली त्यांची माहिती वेगळी काढता येण्यासारखी नव्हती. म्हणून मोझिलाने ४ मे दुपारी ४:३० पासून ११ मे दुपारी ४:३० पर्यंत आलेली सगळ्यांचीच माहिती पुसून टाकली.

जुलैत अहवाल आला. टीमची ती समजूत आणि यादीत नसलेली ती चाचणी, दोन्ही त्यात लिहिलेली आहेत.

मूळ सर्टिफिकेटलाही मुदत होती: १४ मार्च २०२५. त्या वेळी मोझिलाने आधीच जाहीर केलं की १२८ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, नाहीतर अ‍ॅड-ऑन्स बंद पडतील. जुन्या कॉम्प्युटरसाठी चालू ठेवलेल्या ११५ च्या दीर्घ मुदतीच्या शाखेत किमान ११५.१३ लागणार होती. ज्यांनी अपडेट केलं त्यांना त्या दिवशी काही जाणवलं नाही. अपडेट बंद ठेवणारे घराघरांतले कॉम्प्युटर तेव्हाही होतेच.