कळफलकाऐवजी कंट्रोलर : ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांची हाताळणी

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत खेळाडू योद्धा, वैद्य, जादूगार अशा एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि इतर असंख्य खेळाडूंसह एकाच आभासी जगात वावरतो. पवार घराण्याच्या दोन जुन्या राजधान्यांचे उदाहरण घेतले, तर धारमध्ये दूरचित्रवाणीसमोर कंट्रोलर घेऊन बसलेला भाऊ आणि देवासमध्ये संगणकावर कळफलक-माऊस वापरणारी बहीण एकाच तुकडीतून लढू शकतात. कोणाच्या हाती कोणते साधन आहे, हे पडद्यावर दिसत नाही. मात्र साधन बदलले की खेळण्याची आणि बोलण्याचीही रीत बदलते.

या खेळांची जडणघडण प्रामुख्याने संगणकावर झाली. कळफलकावर शंभराहून अधिक कळा असतात, त्यामुळे प्रत्येक अस्त्राला किंवा मंत्राला स्वतंत्र कळ देता येते. कंट्रोलरवर बटणे मोजकीच असतात. २००० साली ड्रीमकास्टवर आलेल्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ने आणि २००२ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘फायनल फँटसी इलेव्हन’ने कंट्रोलर गृहीत धरूनच रचना केली.

२०१३ साली नव्याने सादर झालेल्या ‘फायनल फँटसी फोर्टीन’ने बटणांच्या कमतरतेवर नेमका तोडगा काढला. डावीकडचे एल२ बटण दाबून धरले की दिशादर्शक चार आणि उजवीकडची चार अशी आठ बटणे आठ आज्ञा देतात. आर२ धरल्यास आणखी आठ. अशा सोळा आज्ञांचे अनेक संच आलटूनपालटून वापरता येतात. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने आज्ञांची संख्याच कमी ठेवली, तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०२० मध्ये कंट्रोलरला मूलभूत आधार दिला.

कंट्रोलरची दांडी जितकी झुकवावी तितक्या वेगाने पात्र चालते. चाल आणि दृष्टी सहज वळते. गर्दीतून नेमका शत्रू किंवा जखमी सोबती निवडणे मात्र माऊसने सोपे जाते. कंट्रोलरधारकाला एकेक लक्ष्य बदलत जावे लागते.

खरी अडचण संवादाची आहे. हे खेळ सहकार्यावर चालतात आणि कंट्रोलरने एकेक अक्षर निवडून लिहिणे कष्टाचे असते. लढाई सुरू असताना उत्तर न देणारा खेळाडू इतरांना बेफिकीर वाटू शकतो. ‘फँटसी स्टार ऑनलाइन’मध्ये म्हणूनच तयार शब्द निवडून वाक्य जुळवण्याची सोय होती, आणि ते वाक्य परभाषिकाला त्याच्या भाषेत दिसे. आज ध्वनिसंवाद किंवा जोडीला लहानसा यूएसबी कळफलक हा व्यवहार्य उपाय ठरतो.

हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी तर साधनाची निवड म्हणजे खेळात प्रवेश मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न असतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरला दोन मोठी बटणे असून पायाने वा कोपराने चालवायची बाह्य बटणेही त्याला जोडता येतात.

कंट्रोलर विकत घेण्यापूर्वी खेळ त्याला अधिकृत आधार देतो का, बटणांची मांडणी बदलता येते का आणि अक्षरे दुरून वाचण्याइतकी मोठी करता येतात का, हे तपासावे. एका बटणावर आपोआप आज्ञांची मालिका चालवणारी बाहेरची साधने अनेक खेळांत नियमबाह्य असून त्यामुळे खाते बंद होऊ शकते. तुकडीत सामील होताना ‘कंट्रोलरवर आहे, उत्तराला वेळ लागेल’ एवढे एक वाक्य आधीच लिहिले, तर पुष्कळ गैरसमज टळतात.