सुझू उरानो
फुमियो कोनो यांच्या मांगा-मालिकेची (२००७–०९) आणि तिच्यावरून सुनाओ काताबुची यांनी काढलेल्या ‘कोनो सेकाई नो कातासुमी नि’ (२०१६) या जपानी ॲनिमेशनपटाची नायिका. जन्म हिरोशिमातील एबा या किनारी वस्तीत, १९२५ साली. स्वभावाने स्वप्नाळू, चित्रकलेत रमणारी. फेब्रुवारी १९४४ मध्ये जेमतेम अठराव्या वर्षी, ओळखदेखही नसलेल्या शूसाकू होजोशी तिचे लग्न होते आणि ती कुरे या नौदलाच्या बंदरी गावी सासरी येते.

तिचे मोठे होणे रणांगणावर घडत नाही, चुलीपाशी घडते. शिधा आटत जातो तशी ती रानभाज्या घालून जेवण पुरवते, जुन्या किमोनोचे कपडे बेतते, करारी नणंद केइकोचे टोमणे सोसते. बंदरातील जहाजे वहीत रेखाटल्याबद्दल लष्करी पोलीस तिला हेर ठरवतात. हा प्रसंग विनोदी आहे, पण त्यामागची धास्ती खरी. जून १९४५ मध्ये उशिरा फुटणाऱ्या बाँबने तिच्या हाताला धरून चाललेली केइकोची लहानगी हारुमी दगावते, आणि तोच उजवा, चित्रे काढणारा हात सुझू गमावते. शरणागतीची घोषणा ऐकून ही सोशिक मुलगी संतापाने उसळते. तिच्या प्रौढत्वाची खरी सुरुवात इथेच मानावी. पुढे उद्ध्वस्त हिरोशिमात भेटलेल्या एका अनाथ मुलीला ती व शूसाकू घरी आणतात.

सुझूला आवाज नोन या अभिनेत्रीचा. चित्रपटाला २०१७ मध्ये फ्रान्समधील आनसी महोत्सवात परीक्षक पुरस्कार लाभला. विस्तारित आवृत्ती २०१९ मध्ये आली.