नव्या क्राउन-पिनियनचे पहिले तेल

ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट नगरात मागच्या ॲक्सलचे काम निघाले की खर्चाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी हमखास असतात: क्राउन-पिनियनचा जोड, बेअरिंग, ऑइल सील आणि नव्वद नंबरचे तेल. पाचवी गोष्ट, म्हणजे आठशे किलोमीटरनंतर ते तेल काढून नवे भरणे, चिठ्ठीवर क्वचितच येते. आली तर गाडीमालक ती खोडायला लावतो. तेल काळे पडलेले नाही, जळका वास नाही, मग फेकायचे कशाला, असा त्याचा सवाल असतो. तेलापुरते बोलायचे तर त्याचे खरेच आहे. चांगले गिअर ऑइल आठशे किलोमीटरमध्ये बिघडत नाही. ते काढायचे असते त्यात साठलेल्या लोखंडासाठी. ते बाहेर काढायला दुसरी वाटच नसते.

इंजिनाला फिल्टर असतो, ॲक्सलच्या हाऊसिंगला नसतो. तिथे पंपही नसतो. क्राउनचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो. तो फिरताना तेल उडवतो आणि ते उडालेले तेल पिनियनच्या दातांवर, टेपर रोलर बेअरिंगवर आणि आतल्या छोट्या गिअरवर पडते. दातांवरून जे झडेल ते याच तेलाबरोबर पुन्हा पुन्हा वर जाते आणि बेअरिंगच्या रोलरखाली सापडते. त्यामुळे दुरुस्तीनंतर वर्षभरात ॲक्सल पुन्हा ओरडू लागला की दोष दातांना दिला जातो, पण कित्येकदा आधी गेलेले असते ते पिनियनचे बेअरिंग.

नव्या, कडक, कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी लावलेल्या दातांवरून झडावे तरी काय? उत्तर दातांच्या घडणीत आहे. मागच्या ॲक्सलमधले दात बहुतेक गाड्यांत हायपॉइड जातीचे असतात. अमेरिकेच्या ग्लिसन कंपनीने १९२०च्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि पॅकार्डने त्याच दशकात ती मोटारीत आणली. यात पिनियनचा आस क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली असतो. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली जातो आणि दातांचा एकमेकांवरचा टेकू वाढतो. त्याची किंमत अशी, की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतात. भार प्रचंड, त्यात घसरण, आणि मध्ये असलेला तेलाचा पापुद्रा अनेकदा एका मायक्रॉनहूनही पातळ. नव्या दातावरचे सूक्ष्म उंचवटे तेवढेच किंवा त्याहून मोठे असतात. ते समोरच्या उंचवट्यांना भिडतात, क्षणभर तापतात, आणि तेलातली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये त्याच उष्णतेने लोखंडाशी संयोग पावून एक बळी देण्याजोगा थर तयार करतात. दाताऐवजी हा थर झिजतो. डब्यावरच्या ‘ईपी’ (एक्स्ट्रीम प्रेशर) या अक्षरांमागची सगळी करामत ही एवढीच. उंचवटे सपाट होईपर्यंत लोखंडाचा बारीक भुगा पडत राहतो; सोबत नव्या गिअरवरचा फॉस्फेटचा काळसर मुलामाही उतरतो. मग झिजेचा वेग झपाट्याने खाली येतो.

याला किती अंतर लागते? ढोबळ हिशेब करता येतो. क्राउनला ४१ आणि पिनियनला ९ दात धरू. या दोन संख्यांना सामाईक भाजक नाही, म्हणून पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि सगळ्या जोड्या क्राउनच्या ९ फेऱ्यांत पुऱ्या होतात. टायरचा परीघ अडीच मीटर असेल तर हे अंतर २२.५ मीटर. म्हणजे ८०० किलोमीटरमध्ये प्रत्येक जोडी पस्तीस हजारांहून अधिक वेळा भिडते, आणि पिनियनचा एकेक दात सुमारे साडेचौदा लाख वेळा भार घेतो. दात बसायला हे पुरेसे आहे. उलट ४० आणि १० दातांचा जोड असता तर पिनियनचा एक दात जन्मभर क्राउनच्या त्याच चार दातांना भेटला असता आणि एका दातावरचा ओरखडा त्या चौघांवरच उमटत राहिला असता. गिअर बनवणारे विचित्र वाटणाऱ्या संख्या निवडतात त्या यासाठी. जुन्या क्राउनवर नवा पिनियन बसवू नये यामागेही हेच घासणे आहे. जोडीवर कोरलेला क्रमांक शोभेसाठी नसतो.

आठशे हा आकडा मात्र निसर्गनियम नाही. तो ५०० मैलांच्या जुन्या प्रघाताचा किलोमीटरमधला अवतार आहे. माझ्या मते अंतरापेक्षा पहिल्या काही फेऱ्यांची रीत जास्त मोलाची. पंधरा-वीस मिनिटे बेताने चालवून गाडी थांबवावी, हाऊसिंगला हात लावता येईल इतके निवू द्यावे, आणि असे दोन-तीनदा करावे. दाताच्या पृष्ठभागाचा कडकपणा साधारण १५० ते २०० अंशांवर टेम्पर करून ठरवलेला असतो. त्यापलीकडे तापला तर तो नरम पडतो आणि मग कोणतेही तेल त्याला परत कडक करू शकत नाही. ग्वाल्हेरजवळच्या बिलौआच्या क्रशरवरून गिट्टी भरलेला डंपर पहिल्याच दिवशी रस्त्यावर काढणे म्हणजे कमी वेग आणि जास्त ओढ, म्हणजे हायपॉइड दातांना सर्वांत जाचक अवस्था.

ग्वाल्हेरच्या हवेचा इथे थेट संबंध येतो. समजा, भाराखाली तेल बाहेरच्या हवेपेक्षा ५० अंशांनी तापते. जानेवारीच्या १५ अंशांत ते ६५वर राहील, मेच्या ४५ अंशांत ९५वर जाईल. दर १० अंशांना ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो या ढोबळ नियमाने तो आठपट झाला, आणि तेल सुमारे तिपटीने पातळ झाले. डब्यावरच्या ‘८०डब्ल्यू-९०’मधला पहिला आकडा थंडीसाठी असतो: ८५डब्ल्यूची कसोटी उणे १२ अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६वर. ग्वाल्हेरात थंडी कितीही कडाक्याची पडो, तिथवर पारा कधी जात नाही. तेव्हा इथे बघायचा तो दुसरा आकडा. उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर उन्हाळ्यातल्या भारी कामाला १४० नंबर योग्य. पण जाड तितके बरे हेही खरे नाही, कारण जाड तेल घुसळण्यातच उष्णता होते. दर्जा जीएल-५ हवाच. आणि सिंथेटिक घातले तर दात बसतच नाहीत ही समजूत मला अतिशयोक्त वाटते. मात्र आठशे किलोमीटरने काढायचेच असेल तर साधे मिनरल तेल सोडून महागडा डबा फोडण्यात काही शहाणपण नाही.

शोरूममधल्या नव्या गाडीलाही हे लागू आहे का, हा प्रश्न ग्वाल्हेरात दर हिवाळ्यात निघतो. माधवराव शिंद्यांच्या काळात १९०५ साली सुरू झालेल्या ग्वाल्हेरच्या हिवाळी मेळ्यात आता वाहनांचा बाजार मोठा असतो, कारण अलीकडे राज्य सरकार तिथल्या खरेदीला वाहन करात ५० टक्के सूट देत आले आहे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारींना मागे डिफरन्शिअलच नसतो. तो गिअरबॉक्समध्ये असतो आणि आडव्या इंजिनाच्या गाड्यांत त्याचे दात हायपॉइड नसतात. पिकअप, जीप, ट्रक यांच्या बाबतीत पुस्तिका सांगेल ते पाळावे. कारखान्यात भाग धुऊन, मोजून जोडलेले असतात. दुरुस्त केलेल्या ॲक्सलची गोष्ट वेगळी: मधला भाग कितीही पुसला तरी दोन्ही बाजूंच्या नळ्यांत जुन्या मोडक्या दातांचे कण, सीलंटचे तुकडे आणि चिंधीचे धागे दबा धरून बसलेले असतात, आणि पहिल्याच वळणावर तेलाबरोबर मध्ये येतात.

तेल काढावे ते गाडी नुकतीच फिरून आलेली असताना. थंड तेल गाळ खालीच सोडते. आधी वरचा फिलर प्लग सैल होतो ना ते बघावे, मगच ड्रेन प्लग खोलावा. वरचा गंजून अडकला आणि तेल आधीच सांडले, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. चुंबकाच्या प्लगवर करडा लेप असेल. तो चिमटीत चोळून पाहावा. सुरम्यासारखा मऊ लागला तर दात रीतसर बसले. बोटाला टोचणारे चंदेरी कपचे असतील तर बेअरिंग किंवा दाताचा पृष्ठभाग सोलवटला आहे. पितळी चमक दिसली तर, ज्या गाड्यांत तसे वॉशर असतात तिथे, साइड गिअरमागे शोधावे. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले: तापलेले हाऊसिंग पावसाळ्यात रपट्यावरच्या पाण्यात उतरले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. नवे तेल फिलरच्या तोंडापर्यंत, गाडी सपाट उभी असताना, भरावे. जास्त भरण्याची हौस सील फोडते.

काढलेले तेल २०१६च्या घातक कचरा नियमांत मोडते आणि अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यालाच द्यायचे असते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या नाल्यांत ओतलेले तेल शेवटी स्वर्णरेखेत जाते, आणि त्या नदीत नदी म्हणावे असे आधीच थोडे उरले आहे.

तेल बदलल्याने काय होत नाही, तेही स्पष्ट असावे. क्राउन आणि पिनियनमधला प्ले साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या घरात, गाडीगणिक वेगळा, ठेवायचा असतो. शिम चुकली, दातावरचा निळ्या रंगाचा ठसा टोकाला किंवा बुडाला पडला, बेअरिंगचा प्रीलोड सैल राहिला, तर ॲक्सिलेटर दाबताना किंवा सोडताना एक ठरावीक घोंघावणे येते. ते जाड तेलाने थोडे दबते, जात नाही. कित्येक गाड्या असा आवाज दाबूनच विकल्या जातात. दुसरे तेल पुस्तिकेच्या मुदतीने काढताना चुंबकावर निम्म्याहूनही कमी लेप अपेक्षित आहे. तेवढाच निघाला, तर तिसऱ्या डब्याचे पैसे वाचवून असेंब्ली खाली उतरवावी आणि डायल इंडिकेटर लावून प्ले पुन्हा मोजावा.